अंगठ्याखालचा उजेड

इंदापूरच्या बाजारात जोतीराम मदन्यांच्या पोत्यासमोर उकिडवं बसून बॅटरी विकायची, म्हणजे तोंडी परीक्षा पुन्हा द्यायची. फरक एवढाच, की शाळेतल्या तोंडीला मी पास झालो होतो.

आमच्याकडं टॉर्चला बॅटरी म्हणतात आणि बॅटरीला सेल. हे ज्याला कळलं त्याला माझा धंदा कळला. आयटीआयला वायरमनचा कोर्स केला, सर्टिफिकेट लॅमिनेट करून भिंतीला टांगलं, आणि बारामतीच्या एका होलसेलवाल्याकडं सेल्समन म्हणून चिकटलो. शहाण्णव साल होतं. मालकांनी एक मागं सीट असलेली लुना दिली आणि नमुन्यांची एक बॅग. बारामती, सणसर, इंदापूर, परत बारामती. वाटेतल्या प्रत्येक दुकानात मी बॅग उघडायचो, चकचकीत बॅटऱ्या मांडायचो आणि दुकानदार हातसुद्धा न लावता विचारायचा, "तात्यांना दाखवल्या का?"

तात्या म्हणजे हे जोतीराम मदने. मूळचे निरवांगीचे. वडलांची मेंढरं होती, ती मोडली आणि सणसरला कॅनॉलच्या खाली दोन एकर रान घेतलं. बाजारच्या दिवशी मात्र हा माणूस इंदापूरला येऊन पोतं अंथरायचा आणि बॅटऱ्या दुरुस्त करायचा. डोक्याला तांबडा पटका, खांद्यावर घोंगडं, पुढं पत्र्याच्या डब्यात स्प्रिंगा, बल्ब, पितळी पट्ट्या. उजव्या हाताचा अंगठा चपटा, पुढून रुंद, एखाद्या चमच्यासारखा. ज्या बॅटरीला त्या अंगठ्यानं पास केलं, तीच बॅटरी त्या पट्ट्यात खपायची. माझ्या मालकांना हे पटत नव्हतं. पटलं असतं तर त्यांनी स्वतःच लुना चालवली असती.

पहिल्या खेपेला मी नेहमीची बॅटरी काढली. निकेलची, दोन सेलची, पोटावर सरकतं बटण आणि त्याच्या शेजारी झाकउघड करायला एक लहान तांबडं बटण. तात्यांनी ती घेतली. एका डबड्यात चिखल कालवून ठेवलेला असायचा, त्यात उजवा हात बुडवला, मग हात आणि बॅटरी दोन्ही घोंगड्याखाली घेतलं आणि डोळे मिटले. बाजार चालू होता, शेजारी बांगड्यावाली ओरडत होती, आणि हा माणूस डोळे मिटून घोंगड्याखाली अंगठा चाचपडत होता. मला हसू येत होतं. मग घोंगड्याच्या विणीतून उजेड झिरपला.

"धर," त्यांनी पेटलेली बॅटरी माझ्याकडं दिली. "आता ठेव खाली."

मी पोत्यावर ठेवली.

"हात काढ की."

काढला.

"आता हिला कोन धरलंय?"

"कोणी नाही."

"मग ही कुनासाठी जळती?"

आता याचं उत्तर वायरमनच्या कोर्सला नव्हतं. मी म्हणालो, "तात्या, सरकबटण आहे. एकदा सरकवलं की राहतं. तेवढाच अंगठ्याला आराम."

"आराम!" तात्या बांगड्यावालीकडं बघून म्हणाले. "ऐकलंस का गं? बारामतीचा अंगठा दमतो." मग बॅटरी माझ्या बॅगेत स्वतःच्या हातानं ठेवली. "न्हे परत. बेइमान हाय ही."

त्या दिवसापासून माझं नाव बारामती पडलं.

दुसऱ्या खेपेला मी मुंडकं पिळून पेटणारी नेली. बटणच नाही, त्यामुळं पाणी आत जात नाही, गंजत नाही, असं सगळं पाठ करून गेलो होतो. तात्यांनी माझं भाषण पूर्ण होऊ दिलं.

"हिला दोन हात लागत्यात," ते म्हणाले. "एका हातात फावडं असलं, तर दुसरा हात कुनाचा मागायचा?"

"फावडं खाली ठेवायचं."

"आनि साप निघाला मंजी? त्याला म्हनायचं, थांब बाबा, जरा मुंडकं पिळतो."

नापास. पण त्या दिवशी त्यांची सणसरची एसटी चुकली होती. म्हणाले, "बारामती, मला घरापतुर सोड. जाता जाता सांगतो तुला बॅटरी कशी पायजे." गिऱ्हाईक मागच्या सीटवर बसून येतंय म्हटल्यावर मी कशाला नाही म्हणतोय?

दिवस मावळला होता. लुनाचा दिवा इंजिनावर चालतो. वेग घेतला की उजेड वाढतो, हळू केली की पिवळा पडतो, थांबली की अंधार. मी खड्डा चुकवायला वेग कमी केला, तसा रस्ता अंधुक झाला आणि मागून घोंगड्यातून आवाज आला, "ही तुझी गाडी इमानदार हाय. थांबली की सांगती."

"काय सांगती?"

"थांबली म्हनून."

दोन्ही बाजूंना ऊस होता. घोंगड्याचा वास माझ्या मानेपाशी होता आणि आवाज अगदी कानामागं, जणू तो माझ्याच डोक्यातून निघत होता.

"हिंदुराव माझा धाकटा भाऊ," तात्या म्हणाले. "कॅनॉलच्या पान्याची पाळी आली की मी वर दाऱ्यावर, पानी सुटतं तितं, बसायचो आनि त्यो खाली उसात पानी धरायचा. शेजारी रावजीचं पान्याचं इंजन चालू असायचं, हाक ऐकू जायची न्हाय. म्हनून ठरल्यालं. उजेड दिसला की समजायचं बरं चाललंय. काय लागलं तर झाकउघड करायची. त्या दिशी सांजंलाच उजेड दिसला. एका जागी. न हालता. मी म्हनलं, बसला आसंल दमून. रातभर उजेड तितंच. मी इडी वढत बसलो."

मी लुनाचा वेग वाढवला. का, ते माहीत नाही.

"उजाडल्यावर गेलो. बांधाला टेकून बसल्याला. पायाला साप चावल्याला. डाक्टर म्हनला, सांजंलाच आनला असता तर वाचला असता. आनि बॅटरी मांडीवर. उन्हात पेटल्याली बॅटरी कधी बघितलीस का, बारामती? कळत न्हाय पेटल्याली. काचंत डोळा घातला तवा आत तार दिसली, तांबडी, किड्यावानी. त्याचं अंग गार पडून रात गेली आनि ती मला सांगत हुती, बरं चाललंय, बरं चाललंय."

तेव्हा मला त्या पोत्यावरचा प्रश्न कळला. कुनासाठी जळती. तात्यांना अशी बॅटरी हवी होती, की जी अंगठा आहे तोवरच जळेल. अंगठा गेला की उजेड गेला पाहिजे. म्हणून ते बाजारात आलेल्या प्रत्येक बॅटरीचं सरकबटण कानशीनं घासून काढायचे, खाच लाखेनं बुजवायचे आणि फक्त दाबायचं तांबडं बटण ठेवायचे. गिऱ्हाईक कुरकुरायचं. तात्या ऐकायचे नाहीत. दुरुस्ती म्हणून दिलेली बॅटरी लोकांना बदलून मिळायची, आणि तरी लोक यायचे. मला वाटतं, ज्यांच्या घरची माणसं पाण्याला जायची तेच यायचे.

घरी पोचलो तर दारात एक बाई पदर पुढं ओढून आत वळली. हिंदुरावांची बायको, बनाबाई. पोरगी लग्न होऊन लांब गेलेली. घरात आता ही दोघंच, थोरला दीर आणि धाकट्याची विधवा, मधे एक भिंत आणि दोन चुली. रान दोघांचं. पाळीला तात्या वर दाऱ्यावर बसायचे आणि हिंदुरावांच्या जागी खाली पाणी धरायला बनाबाई जायची. तात्यांचा गुडघा चिखलात चालत नव्हता आणि परका गडी तिला नको होता.

गंमत अशी, की ही दोघं एकमेकांशी बोलत नसत. भांडण नव्हतं. थोरल्या दिराशी धाकट्याच्या बायकोनं समोरासमोर बोलायचं नाही, एवढंच. पंचवीस वर्षं पाळलेलं. मग बोलणं चालायचं ते कुत्र्यामार्फत. तात्या ओट्यावर बसले आणि आतून आवाज आला, "वाघ्या, पावन्याला च्या ठेवू का, इचार."

तात्या कुत्र्याला म्हणाले, "ठेव म्हनावं. आनि परवाच्या पाळीला बॅटरीत नवं सेल घातल्यात म्हनावं."

वाघ्या दोघांच्या मधे आडवा पडून झोपला होता. इतकं जबाबदारीचं काम आणि इतका बेफिकीर मध्यस्थ मी दुसरा बघितला नाही.

चहा पिऊन तात्या मागं हातपाय धुवायला गेले, तशी बनाबाई दारापाशी आली. "पावनं, जरा हितं या. तुमी बॅटरीवालं ना?" तिनं पदराखालून बॅटरी काढली. पितळी, तात्यांनी बनवलेली, फक्त दाबायचं बटण. "हे बटन दाबून दाबून माझा अंगठा मरतो बघा. तासाभरानं कळतच न्हाय हाय का न्हाय. आनि फावडं एका हातानं कसं मारू? काय तरी करा."

"तात्यांना सांगा की, मावशी."

ती माझ्याकडं अशी बघत राहिली, जणू मी तिला झेडपीचं इलेक्शन लढवायला सांगितलं. "थोरल्या भावजींना? माझा अंगठा दुखतो म्हनून? कसं सांगू?"

कुत्र्यामार्फतसुद्धा सांगण्यासारखं ते नव्हतं, हे मला तेव्हा कळलं नाही. मला एवढंच कळलं, की बाई अडली आहे आणि मी वायरमन आहे. लुनाच्या डिकीत पंक्चरसाठी जुन्या ट्यूबचा तुकडा होता. त्यातून बोटभर रुंदीचं एक रबरी कडं कापलं, बॅटरीच्या पोटावर चढवलं आणि बटणावर ओढलं. बटण दबलं. उजेड लागला. कडं बाजूला सारलं, उजेड गेला.

"आता उसाला टांगा आणि दोन्ही हातांनी फावडं मारा," मी म्हणालो.

बनाबाईनं दोनदा करून बघितलं. मग हळूच हसली. "भावजींना कळायचं न्हाय ना?"

"लांबून उजेड उजेडच दिसतो, मावशी."

हे वाक्य मी स्वतः बोललो आहे. रस्त्यात ऐकलेली सगळी गोष्ट कानात ताजी असताना बोललो आहे. परीक्षेत दोनदा नापास करणाऱ्या मास्तराला फसवल्याचा जो आनंद असतो, तो मला परत बारामतीपर्यंत पुरला.

तिसऱ्या खेपेला मालकांनी नवीनच माल आणला. मुंबईहून आलेली फॉरेनची बॅटरी. काळी, ॲल्युमिनियमची, वीतभर, पोलीस लोक वापरतात म्हणे. हिचं बटण पोटावर नाही, शेपटीला. मागं रबरी टोपी, तीच बटण. अर्धी दाबली की पेटते आणि सोडली की विझते. पूर्ण दाबली तर आत कट्ट असा आवाज होतो आणि मग ती पेटलेलीच राहते. मी बाजाराची वाटच बघितली नाही. संध्याकाळी सरळ सणसरला गेलो. कार्तिक संपत आला होता, थंडी पडली होती. तात्या घरी नव्हते. पाळी होती. कॅनॉलच्या भरावावर, दाऱ्यापाशी घोंगडं पांघरून बसले होते.

"आला का बारामती? बस. काय आनलंस?"

नुकतंच अंधारलं होतं. शेजारी रावजीचं इंजिन धडधडत होतं. खाली दोनशे पावलांवर, उसाच्या दोन पट्ट्यांमधल्या मोकळ्या बांधावर, एक पिवळा ठिपका दिसत होता. बनाबाई.

तात्यांनी काळी बॅटरी घेतली. चिखल तिथं भरपूर होता. हात बुडवला, घोंगड्याखाली घेतला, डोळे मिटले. "शेपटीला बटन," ते पुटपुटले. "खंजीर धरावा तशी धरायची. अंगठा आपसूक जागंवर येतो. चाचपायला लागत न्हाय." घोंगड्याखाली उजेड लागला, विझला, लागला, विझला. त्यांचा चेहरा पोरासारखा झाला. "अर्धं दाबलं की हाय, सोडलं की न्हाय. बारामती, ही चांगली हाय रं!"

तेवढ्यात कट्ट झालं. उजेड राहिला. तात्यांनी हात बाहेर काढून घेतला, भाजल्यासारखा.

"हीबी तसलीच," ते म्हणाले. "उशिरानं बेइमान हुती, एवढंच."

"आतली कट्टची कमान, ती अडकणारी स्प्रिंग, काढता येईल की, तात्या. तुम्हीच काढा."

ते मान हलवत विचार करत राहिले. मला ऑर्डर दिसायला लागली. मग त्यांनी मान वर केली आणि खालच्या ठिपक्याकडं बघितलं. बराच वेळ बघत राहिले.

"मागच्या पाळीपास्नं एक हाय," तात्या म्हणाले. "आधी तिचा उजेड हालायचा. वर खाली व्हायचा, मधेच जायचा, परत यायचा. मानसाचा हात हाय, हालनारच. मागच्या पाळीपास्नं हालत न्हाय."

मी चिखलाकडं बघत म्हणालो, "सवय झाली असेल."

"हिंदुरावचाबी त्या दिशी असाच हुता."

इंजिन धडधडत होतं. उसाच्या पानांवरून वारा गेला की पानं एका बाजूला पडत आणि ठिपका थोडा झाकला जाई, मग पुन्हा तिथंच. एक सरी भरली की पुढच्या सरीला जायचं, तेव्हा ती बॅटरी उचलून पुढच्या उसाला टांगणार, हे मला माहीत होतं. एवढ्या पाण्याला एक सरी भरायला किती वेळ लागतो तेही मला माहीत होतं. मी आल्यापासून ठिपका एकदाही पुढं सरकला नव्हता.

"पर बटन हाय," तात्या स्वतःलाच सांगत होते. "अंगठा हाय म्हनून उजेड हाय. सोडलं असतं तर विझली असती." मग माझ्याकडं वळून, जवळजवळ विनवल्यासारखं म्हणाले, "माझं डोळं आता अधू झालं. तू बघ. हालतीय का रं जरा?"

मी तेव्हा खरं सांगायला हवं होतं. रबराच्या कड्याचं. तोंड उघडलंही. पण हातात काळी बॅटरी होती, डोळ्यांपुढं सगळ्या पट्ट्यातली दुकानं होती, आणि मला वाटलं, बाई कुठं तरी पाण्यात पाय धुत असेल, आत्ता उचलेल.

"हालतीय की, तात्या," मी म्हणालो.

आणि उजेड गेला.

मिणमिणला नाही, पिवळा पडला नाही. कुणी सरळ अंगठा उचलावा तसा गेला. खाली सगळा अंधार एकसारखा झाला.

तात्या उठले कधी ते मी बघितलंच नाही. ज्या गुडघ्यापायी हा माणूस वर बसायचा, त्या गुडघ्यावर तो भराव उतरून चिखलातून पळत होता. "बना! बना!" पंचवीस वर्षांत तोंडातून न निघालेलं नाव. मी काळी बॅटरी कट्ट करून त्यांच्या मागं धावलो. इंजिनाच्या आवाजात आमचं ओरडणं आम्हालाच ऐकू येत नव्हतं.

बांधावर फावडं पडलं होतं. बनाबाई नव्हती. पुढं जुनी विहीर होती, कठडा नसलेली, काठाला गवत वाढलेली. पाटाचं पाणी फुटून तिकडं गेलं होतं आणि काठाची माती भिजून एक मोठा लचका आत ढासळला होता. मी बॅटरी खाली मारली. काळ्या पाण्यात डोकं दिसलं. दोन हात. विहिरीच्या भिंतीतल्या एका दगडाला धरलेले, बोटं पांढरी पडलेली. ती वर बघत होती. ओरडत नव्हती. ओरडून झालं असावं.

तात्यांनी डोक्याचा पटका सोडला. एक टोक माझ्या कमरेला बांधलं, मला बाभळीच्या खोडाशी बसवलं, "हालू नगो," म्हणाले आणि दुसरं टोक धरून तुटक्या पायऱ्यांवरून आत उतरले. पटका शेवटच्या हाताएवढा कमी पडला. मग त्यांनी एका हातानं पटका धरून दुसरा हात तिच्याकडं लांबवला.

बनाबाई त्या हाताकडं बघत राहिली. पाणी हनुवटीला लागलेलं, आणि बाई थोरल्या दिराचा हात धरावा की नाही याचा विचार करत होती. मी वरून पाहिलं, म्हणून सांगतो.

"धर की गं!" तात्या ओरडले.

तिनं धरला.

तिला वर काढून घोंगड्यात गुंडाळलं, तेव्हा ती थंडीनं कुडकुडत होती, पण शुद्धीवर होती. घरी चुलीपुढं बसवली. मी बांधावरून फावडं आणि बॅटरी घेऊन आलो. बॅटरी उसाला टांगलेलीच होती, तिनं टांगली होती तिथं, विहिरीपासून वीसेक पावलांवर.

आणि रबराचं कडं बटणावर होतं.

मी ते चुलीच्या उजेडात चार वेळा बघितलं. कडं ताणलेलं, घट्ट, बटण पूर्ण आत दबलेलं. बॅटरी विझलेली. मी हलवली. ठोकली. काही नाही. कडं बाजूला सारलं, अंगठ्यानं दाबलं. लख्ख पेटली. पुन्हा कडं चढवलं. पेटली. सेल नवे, बल्ब चांगला, पट्टी स्वच्छ.

"काय हाय त्ये?" तात्या म्हणाले.

मी सांगितलं. सगळं सांगितलं, "हालतीय की" हेसुद्धा. मला वाटलं, आता फावडं पाठीत बसणार. बसायला हवंही होतं.

पण आधी बनाबाई बोलली. कुत्र्याकडं न बघता. "भावजी, त्या पोराला मी सांगितलं हुतं. माझा अंगठा दुखत हुता."

तात्या जाळाकडं बघत होते. "मग मला का न्हाय सांगितलं?"

"तुमच्यासंगं बोलायचं कसं?"

वाघ्या उठून बाहेर गेला. त्याची नोकरी त्या दिवशी गेली.

"पडून किती येळ झाला हुता?" तात्यांनी विचारलं.

"लई झाला. वर ढासळल्या काठातनं उसातला उजेड दिसत हुता नुसता. मग उजेडापाशी कुनी तरी उभं दिसलं. मला वाटलं, भावजी आलं. म्हनून मी हाक मारली." तिनं घोंगडं आवळून घेतलं. "हाक मारली तवा उजेड गेला. मग लई येळानं तुमी आला."

तिथं कुणी नव्हतं. आम्ही दोघं वर भरावावर होतो. रावजीचा माणूस इंजिनापाशी होता, तो नंतर विहिरीपाशी उजेड बघून आला. मी तात्यांना समजावायला गेलो, की कडं ताणलं की पट्टी कधी कधी वाकडी होते, कॉन्टॅक्ट सुटतो, हे आमच्या लाइनमध्ये नेहमीचं आहे. तात्यांनी माझ्या हातातून बॅटरी घेतली आणि तो चपटा अंगठा बटणावरून अलगद फिरवला.

"कॉन्टॅक्ट न्हाय, बारामती," ते म्हणाले. "मी परत एकदा उजेडावर भरवसा ठेवून बसलो हुतो. त्याला माहिती हाय ह्ये कसं असतं. त्यानं बटन सोडलं."

मी वाद घातला नाही. वायरमन आहे. बटण दाबलेलं असताना बॅटरी विझली, एवढंच मी लिहून देऊ शकतो.

पुढच्या पाळीला मी गेलो. ऑर्डरसाठी नव्हे, असं म्हटलं तर तुम्ही हसाल, पण खरंच नव्हे. काळी बॅटरी तात्यांनी ठेवून घेतली होती, आतली कट्टची कमान काढून टाकली होती, आणि ती आता बनाबाईच्या हातात होती. विहिरीभोवती बाभळीच्या फांद्यांचं दाट कुंपण झालं होतं. दाऱ्यावर रावजीचा माणूस बसला होता आणि तात्या खाली, बांधावर, बनाबाईपासून दहा पावलांवर, घोंगडं पांघरून. इंजिनापेक्षा जवळ. एवढ्यासाठी पंचवीस वर्षं आणि एक विहीर लागली.

फावडं मारायला तिनं बटण सोडलं की अंधार व्हायचा.

"बना?"

"हाय, भावजी."

पुन्हा उजेड. थोड्या वेळानं पुन्हा अंधार. "बना?" "हाय." मी मोजलं नाही, पण माझ्या लक्षात आलं, की फावडं मारायला लागतं त्यापेक्षा ती जरा जास्तच वेळा बटण सोडत होती. तात्यांच्याही आलं असणार.

मी निघायला उठलो. तेवढ्यात पुन्हा अंधार झाला.

"बना?"

"हाय, भावजी."

उजेड लागला नाही. तात्यांनी घोंगडं कानावरून सारलं. मग अंधारातच, तिच्याकडं नव्हे, उसाच्या बाजूला तोंड करून, हळू आवाजात म्हणाले, "हिंदुराव?"

दोघंही ऐकत होते. बनाबाईनं बटण दाबलं नाही.

उत्तर ऐकायला मी थांबलो नाही. चिखलातून भराव चढलो आणि लुनाला पायडल मारलं. तिचा दिवा इंजिनावर चालतो, थांबली की अंधार. बारामती येईपर्यंत मी ती एकदाही थांबू दिली नाही.